कासनीची पुडी

निम्मी वाट सरली होती. त्या दिवशी बंद होता, बसगाड्या नव्हत्या, आणि रिक्षावाले शहराची हद्द ओलांडायला तयार नव्हते. म्हणून आम्ही दोघी सकाळी साडेसहापासून चालत होतो. शहर मागे पडलं, पाटाच्या कडेला बरसीमचं शेत लागलं. बरसीम म्हणजे आपल्याकडच्या लसूणघासासारखा गुरांचा चारा. ते शेत दिसलं तशी बीजी थांबली, पिशवीतून खुरपं काढलं आणि बांधावर उकिडवी बसली.

"बीजी, दहाला पोलीस ठाण्यात पोचायचंय," मी म्हटलं.

"ठाणं कुठं पळून जातंय? ऊन चढलं की हे मिटेल."

चाऱ्याच्या हिरव्या गर्दीत कासनीची निळी फुलं उभी होती. देठ उघडाबोडका, पानं सगळी खाली जमिनीशी, आणि देठाला चिकटून रुपयाएवढं फूल. पाकळ्यांची टोकं कातरीने कातरल्यासारखी. सकाळी उमलतं, दुपारी मिटून जातं. शेतकऱ्याला ते तण. बीजीला ते घर.

तिचं नाव प्रसिन्न कौर. गावात तिला सगळे बीजी म्हणत, म्हणजे आई. हिंदीत मी तिच्याशी 'आप' करून बोलायची, पण लिहायला बसले की एकेरीच येतं, आईला म्हणावं तसं. वय पासष्टच्या पुढे. उंच, हाडकुळी, डोक्यावर पांढरी चुन्नी, आणि चालणं असं की मी तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असून मागे पडायची. मी संगमनेरची, पण तिच्या लेखी महाराष्ट्रातली सगळी माणसं मुंबईची, म्हणून मी 'बंबईवाली'.

हे अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधलं. माझे यजमान दिगंबर केंद्र सरकारच्या एका कार्यालयात बदलीवर चंदीगडला आलेले, आणि आम्ही सेक्टर सत्तावीसच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. रोज सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर मेलेल्यांचा आकडा असायचा. काल इतके. परवा तितके. मी देवाजवळ दिवा लावायच्या आधी पेपर वाचायचा नाही असा नेम केला होता, कारण वाचून झालं की वात नीट लागायची नाही.

बीजी माझ्या आयुष्यात आली ती मीनाक्षीच्या काविळीमुळे. शहाऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. मीनाक्षी तेव्हा नऊ वर्षांची. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. सेक्टर चौतीसमध्ये तेव्हा शिकवण्यांच्या क्लासेसच्या इमारतींमागे मोठं मोकळं रान होतं. तिथून जाताना एक म्हातारी गवतात बसून मुळं खणताना दिसली. मला वाटलं, चुलीला काही गोळा करतेय. मीनाक्षी माझ्याबरोबर होती. म्हातारीने मान वर केली, मला नाही, पोरीला बघितलं. जवळ बोलावलं आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"डॉक्टर?"

"चालू आहे."

"चालू राहू दे. त्याचं तो करील, माझं मी करीन."

तिची पद्धत ठरलेली. कासनीची वाळवलेली मुळं आणि बी, त्यात थोडी बडीशेप. रात्री मडक्यात भिजवायचं, सकाळी गाळून खडीसाखर घालून द्यायचं. एका वेळी सातच दिवसांची पुडी. आठव्या दिवशी रोग्याने स्वतः यायचं, डोळे दाखवायचे, मगच पुढची पुडी. अशा तीन पुड्या. पैसे नाहीत. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. नाव विचारलं की मन मोजायला लागतं, हा आपला आणि तो परका, असं ती म्हणायची. मीनाक्षी तीन पुड्यांत उठून खेळायला लागली. डॉक्टरांचा गुण की बीजीचा, ते देव जाणे. मी दोघांनाही नमस्कार केला.

पुढे ती येता-जाता घरी थांबायला लागली. हिवाळ्यात, देठ वर यायच्या आधी, कोवळी पानं आणून द्यायची. ती सरसोंच्या सागात, म्हणजे मोहरीच्या पालेभाजीत, मूठभर घालायची, कडूपणा यावा म्हणून. मी मात्र मिठाच्या पाण्यातून काढून, लसणाची फोडणी देऊन पीठ पेरायची, आपण मेथीला करतो तसं. पहिल्यांदा खाऊन ती म्हणाली, "बेसन घालून कडू लपवतेस? नवऱ्याला फसवायला ठीक आहे." दिगंबर शेजारीच जेवत होते. मुळं भाजून, कुटून ती दुधात उकळायची. कॉफीत जी चिकोरी येते ती हीच, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ हसत होती. "शहरातली माणसं तण विकत घेतात?"

सेक्टर चौतीसच्या त्या रानात ती का खणते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. शहर वसलं तेव्हा जी गावं उठली, त्यांत तिचं सासर होतं. लग्न होऊन आली ती त्या मातीत. नवऱ्याला जमिनीचा मोबदला मिळाला, ते दहा-बारा किलोमीटर लांब एका माजऱ्यात, म्हणजे लहानशा वस्तीत, जाऊन राहिले, आणि दोन वर्षांत नवरा गेला. एक मुलगा, तो ट्रक घेऊन आसामच्या वाटेवर असायचा. ती एकटी, एक म्हैस आणि मडक्यांची उतरंड. पण खणायला यायची जुन्याच ठिकाणी. त्या सकाळीही चौतीसवरून जाताना एका क्लासच्या सायकल स्टँडकडे हात करून म्हणाली, "इथं आमचा रहाट होता. माझी सासू मला इथंच शिव्या द्यायची." जणू सासू अजून तिथं उभी होती.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय आम्ही ठाण्याकडे का चाललो होतो ते कळणार नाही.

त्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. वाण काय लुटायचं? प्लास्टिकच्या डब्या, कंगवे, तेच ते. मला वाटलं, ज्या गोष्टीने माझी पोर उठली तीच वाटावी. बीजीकडून भाजलेल्या मुळांची पूड मागून घेतली, दुधात घालून प्यायची. छोट्या कागदी पुड्या केल्या, वर हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि प्रत्येक पुडीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: कासनी, काविळीवर औषधही मिळते, आणि खाली बीजीचं नाव आणि माजऱ्याचा पूर्ण पत्ता. उपकार करणाऱ्याचं नाव घ्यावं, ही आपल्याकडची रीत. चौदा बायका होत्या. चौदा पुड्या गेल्या.

त्यांत चंडीमंदिरच्या छावणीतली वसुधा होती, एका मेजरांची बायको. फेब्रुवारीत तिच्या सासूबाईंना कावीळ झाली. रोग्याने स्वतः यावं लागतं, म्हणून सासूबाईंना घेऊन फौजेची जीप माजऱ्यात गेली. एकदा नाही, दर आठव्या दिवशी, तीनदा. सासूबाई बऱ्या झाल्या. वसुधाने मला पेढ्यांचा डबा पाठवला, मी तो देवापुढे ठेवला, आणि मला एकदाही सुचलं नाही की त्या दिवसांत त्या भागात एका एकट्या म्हातारीच्या दारात फौजेची जीप तीनदा उभी राहिली तर गावाने काय समजायचं.

गावाने समजायचं तेच समजलं, म्हातारी फौजेची खबरी. आणि गावाकडून ते पुढे गेलं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, बुधवारी दिवेलागणीला, तीन मुंडे तिच्या अंगणात आले. मुंडे म्हणजे मुलगे, पण तेव्हा तिकडे मुंडे म्हटलं की बंदुका घेतलेले अतिरेकी, हे वेगळं सांगावं लागत नसे. अंगावर चादरी होत्या, चादरीखाली काय होतं ते चादरीच्या उंचवट्यावरून कळत होतं. जीप कशाला येते, असं विचारलं. तिने सांगितलं. त्यांना खोटं वाटलं. मग त्यांतला एक खाटेवर बसला, बसताना त्याने पोट धरलं. बीजीने कंदील त्याच्या तोंडाशी नेला. डोळे हळदीसारखे.

"फौजींना देतेस, मग ह्यालाही दे," दुसरा म्हणाला.

तिने दिलं. सात दिवसांची पुडी. आणि सवयीने सांगितलं, आठव्या दिवशी डोळे दाखवायला ये.

शेजाऱ्यांनी माणसं येताना पाहिली होती. रविवारी ठाण्यातून निरोप आला: मंगळवारी सकाळी दहाला हजर व्हा. तिचा सात दिवसांचा नेम आख्ख्या गावाला ठाऊक, म्हणजे ठाण्यालाही ठाऊक. बुधवार ते बुधवार. मंगळवारी ठाणेदाराला काय हवं होतं, ते लहान पोरालाही समजलं असतं.

सोमवारी दुपारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, आज मी इथं झोपते. म्हैस शेजारणीकडे बांधून आली होती. स्वयंपाकघरात चटईवर आडवी झाली, झोपली नाही. पहाटे मी उठले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ हलत होते. मीही हात जोडले आणि माझी रामरक्षा सुरू केली. दोघींची एकाच वेळी संपली.

"मी येते बरोबर," मी म्हटलं. तिने मागितलंही नव्हतं.

दिगंबर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. बाटलीत पाणी भरून देताना एवढंच म्हणाले, "सुनेत्रा, फाटकापर्यंत जा. आत जाऊ नकोस. आणि दोनपर्यंत घरी ये."

तर ते बरसीमचं शेत. तिने चार-पाच झाडं मुळासकट काढली, माती झटकली, चुन्नीच्या टोकात बांधली.

"बीजी," मी म्हटलं, "एक सांगायचंय. जीप माझ्यामुळे आली. मी पुडीवर तुमचं नाव-पत्ता लिहिला होता."

ती उठली. गुडघे कडकड वाजले.

"मला माहितीय. ड्रायव्हरने कागद दाखवला होता. तुझी अक्षरं मला वाचता येत नाहीत, मला वाटलं तावीज आहे. मग त्याने वाचून दाखवलं." दहा-वीस पावलं गेल्यावर म्हणाली, "आमच्याकडे नाव लिहितात ते गुरुद्वाऱ्याच्या फरशीवर. पैसे दिले की. मी काय दिलं होतं गं, मूठभर तण?"

"चूक झाली."

"झाली." ती थांबली नाही. "तू काय, चांगल्यासाठीच केलंस. चांगल्यासाठी केलेलंच जास्त नडतं. वाईटाला निदान आपण दार लावतो."

मला रडू आलं. ती मागे वळून म्हणाली, "रडू नकोस, बंबईवाली. रडून आलेली बाई बघितली की ठाणेदाराला वाटतं, ही सांगणार."

"तुम्ही काय सांगणार?"

"जे पाहिलं ते. डोळे पिवळे होते. मी औषध देताना चेहरा बघत नाही, डोळे बघते."

"ते मानतील?"

पाटाच्या पाण्यात एक मेलेलं कुत्रं अडकलं होतं, त्याच्याकडे बघत ती पुढे गेली. मग स्वतःशी हिशेब करावा तसं म्हणाली, "उद्या मी घरी असले, तर पोलीस उसात लपून बसतील आणि अंगणात गोळ्या चालतील. माझ्या हातची पुडी घ्यायला आलेला माणूस माझ्या दारात मरेल. उद्या मी घरी नसले, तर मुंडे म्हणतील, म्हातारी बोलली. मग ते मला शोधतील. आणि आज मी काहीच बोलले नाही, तर..." तिने हाताने पुढच्या रस्त्याकडे दाखवलं.

"मुलाकडे निघून जा. आसामला."

"ट्रकमध्ये राहू? क्लीनर होऊ?" ती हसली, खरोखर हसली. "त्याला माझ्या हातचं साग आवडतं, पण एवढंही नाही."

पुलाच्या अलीकडे निमलष्करी दलाचा नाका होता. वाळूची पोती, त्यांच्यावर बंदुकीची नळी, काटेरी तारेचं रीळ. एका जवानाने पिशवी उघडायला लावली. खुरपं बघून त्याच्या कपाळावर आठी चढली.

"माई, हे काय?"

"खुरपं. तुझ्या आईकडे नाही का?"

"कुठं निघालात?"

"ठाण्यात."

"खुरपं घेऊन?" दुसरा जवान पोत्यांमागून हसला. पहिला हसला नाही. चुन्नीच्या टोकातली मुळं त्याने सोडून बघितली, वास घेतला, परत दिली. खुरपं ठेवून घेतलं.

"परत येताना घेऊन जाईन," बीजी म्हणाली. "पात्याला नुकतीच धार लावलीय. गवत कापायला वापरू नका, बोथट होईल."

"परत आलात की न्या," तो म्हणाला. साधंच म्हणाला, पण म्हणून झाल्यावर त्याने नजर काढून घेतली आणि तारेचं रीळ बाजूला ओढायला लागला. आम्ही पलीकडे गेलो तरी मला त्याचं ते 'परत आलात की' ऐकू येत होतं. मनातल्या मनात 'आत्तसज्जधनुषा' म्हणताना पुढची ओळ आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली ओळ.

पुलानंतर रस्ता रिकामा होता. गहू पिवळा पडला होता, काही शेतांत कापणीही लागली असावी, पण त्या दिवशी शेतात माणूस दिसत नव्हतं. सगळ्या दुकानांची शटरं खाली. एका भिंतीवर गुरुमुखीत काही लिहून वर चुन्याचा हात फिरवलेला. मी विचारलं, काय लिहिलंय. ती म्हणाली, "वाचून काय करणार? ज्यांनी लिहिलं ते वाचायला येणार नाहीत, ज्यांनी पुसलं त्यांनी वाचलंय."

पुढे विजेच्या खांबाखाली ती जरा टेकली. मी बाटली दिली. ती वरून पाणी प्यायली, मग तिने चुन्नीचं टोक सोडून एक मूळ काढलं, मला दाखवलं. करंगळीएवढं, तुटल्या जागी पांढरा चीक.

"हे बघ, फुलावर आलं की मूळ पोकळ होत जातं. औषधाचं मूळ फुलाआधी काढायचं. आता काढलेलं निम्म्या गुणाचं."

"मग आज कशाला काढलं?"

"हाताला काही काम पाहिजे होतं," ती म्हणाली. "नुसते हात कापतात."

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या हातांकडे बघितलं. मातीने भरलेले, आणि मांडीवर ठेवलेले असूनही हलत होते. एवढा वेळ टोमणे मारत, थट्टा करत चाललेली बाई. मी तिचा एक हात धरला. तिने धरू दिला. रस्त्यावरून एक पोलिसांची गाडी आली, आमच्याजवळ आल्यावर हळू झाली, आतल्या माणसाने खिडकीतून आमच्याकडे बघितलं, आणि गाडी ठाण्याच्या दिशेने निघून गेली.

"कळलं त्यांना, आले म्हणून," ती म्हणाली आणि उठली.

ठाणं बाहेरून साधं होतं. पिवळी भिंत, हिरवं लोखंडी फाटक, आत एक शिरीषाचं झाड. भिंतीवर नवीन काचा रोवल्या होत्या. फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक छोटी मोरी होती, तिचा कठडा बसण्याजोगा. पावणेदहा झाले होते. आतून रेडिओवर भजन लागलेलं ऐकू येत होतं, आणि मधूनच कुणीतरी मोठ्याने खोकत होतं. खोकत होतं, की दुसरं काही, ते मला ठरवता येईना.

मी पदर सावरून फाटकाकडे निघाले. यजमानांनी नको म्हटलं होतं, पण इतकं चालून आल्यावर तिला एकटीला आत सोडायचं मला जमेना. बीजीने माझा दंड पकडला आणि मला रस्त्यापलीकडे मोरीजवळ नेलं.

"आत यायचं नाही."

"मी म्हणेन, मी केंद्र सरकारच्या..."

"आत आलीस तर आत दोघी होतील. बाहेर कोणी उरणार नाही." ती आता थट्टेत नव्हती. "इथं बस. फाटकातून दिसशील अशी. त्यांना दिसायला पाहिजे की एक बाई बसलीय, साडीवाली, परक्या मुलखातली, सरकारी माणसाची. तेवढ्याने हात जरा जपून उचलतात."

"किती वेळ बसू?"

ती वाकली. पायांतल्या कातडी जुत्त्या काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. तिच्या टाचांना भेगा होत्या, आणि रस्त्याचं डांबर तापायला लागलं होतं.

"माजऱ्यातला करतारा असाच आला होता, फाल्गुनात. त्याचा भाऊ इथं बाहेर बसला. संध्याकाळी ठाण्यातल्या मुन्शीने, कारकुनाने, सांगितलं, तुझा भाऊ केव्हाच गेला, मागच्या दाराने. भाऊ घरी गेला. करतारा अजून पोचायचाय."

फाटकातल्या शिपायाने हाक मारली. तिने चुन्नी नीट केली, मुळांची गाठ कमरेला खोचली.

"म्हणून माझं एक ऐक. कोणी येऊन सांगेल, म्हातारी गेली घरी, तू पण जा. गोड बोलून सांगेल, चहा देईल. तू उठू नकोस. ह्या जुत्त्या दाखव आणि विचार, एवढ्या उन्हात अनवाणी कशी गेली? आणि मी स्वतः येऊन मागेपर्यंत ह्या कुणाच्याही हातात देऊ नकोस."